लाभ आणि दोन

शनिवारी सकाळी विजेचं बिल भरायला म्हणून कॉम्प्युटर चालू केला, तर नेहमीच्या चित्राऐवजी काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत एक तांबडी ओळ. अर्थ एवढाच, की आतल्या दोन हार्ड डिस्कांपैकी एक बिघडली आहे आणि बिघडलेलीचं नाव 'डिस्क १'. मी घाबरले नाही. उलट मनातून थोडी खूशच झाले, हे आता कबूल करायला हरकत नाही. याच दिवसासाठी तर मी घरात भांडून दोन डिस्कांचा कॉम्प्युटर घेतला होता.

त्या रचनेला रेड म्हणतात. दोन सारख्या डिस्का बसवायच्या. एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी जिवंत राहते. मेलेली काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, जिवंत डिस्क नवीवर सगळं उतरवते आणि पुन्हा जोडी तयार होते. मी परभणीत एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. तिथल्या मशीननं एकदा वर्षभराची आवक-जावक गिळून टाकली होती, तेव्हा चिडून हे सगळं मी स्वतः वाचून काढलं होतं. नवरा तेव्हा म्हणाला होता, "एक डिस्क धड वापरणं होईना, आन म्हणं दोन पाहिजेत." मी लक्ष दिलं नाही. माझ्या लक्ष न देण्याची त्याला सवय आहे.

दोन डिस्का हव्या होत्या त्या मामांच्या कोशासाठी. मामा म्हणजे माझे सासरे. मूळचे झरी गावचे, जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर. बदली होईल त्या गावात मुलांना प्रमाण भाषा शिकवायची आणि मुलांच्या तोंडून गावचे शब्द टिपून घ्यायचे, असा त्यांचा दुहेरी धंदा. पेपर तपासून झाले की कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या कापायचे आणि प्रत्येकीवर एक शब्द लिहायचे, खाली गावाचं नाव. अर्थ लिहायचा नाही. अर्थ डोक्यात. असे बिस्किटांचे नऊ डबे भरले होते. स्वतः घरात बोलताना प्रमाण भाषेचा एक शब्द वापरत नाहीत. म्हणतात, "तिकडं पगार मिळायचा म्हून बोललो."

मी सून होऊन आले ती परभणीतूनच, स्टेशनजवळच्या घरातून. शेत मी सहलीला गेल्यावर पाहिलेलं. मामांचे निम्मे शब्द मला कळायचे नाहीत आणि मी ते तोंडावर सांगायची, म्हणूनच बहुधा त्यांनी या कामाला मला निवडलं. सवड मिळेल तसं आम्ही बसायचो. ते चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन शब्द वाचायचे, अर्थ सांगायचे, एक वाक्य सांगायचे आणि मी टाइप करायची. "दस्ती. दस्ती म्हंजी रुमाल. निजामाच्या राजवटीतून आलाय. वाक्य लिव्ह: मायनं दस्तीत शेंगा बांधून देल्या." टाइप झालेली चिठ्ठी ते स्वतःच्या हातानं न्हाणीघरातल्या बंबात घालायचे. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यानं आंघोळ करून आले की म्हणायचे, "आज मी ककारानं न्हालो." मी हसायची. चिठ्ठ्या जाळू नका म्हणण्याचं मला एकदाही सुचलं नाही, कारण माझ्याकडे दोन डिस्का होत्या.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही. आता त्यांना दारातला उजेड कळतो आणि उजेडात माणूस आलं तर सावली कळते. 'अ'पासून 'भ'पर्यंतच्या हजारो शब्दांचे अर्थ जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते, आमच्या हॉलमधल्या त्या पत्र्याच्या खोक्यात. जळालेल्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिता येणार नव्हत्या, आणि कोणते शब्द होते हे आता कुणालाही आठवणार नव्हतं.

तरीही शनिवारी मी निर्धास्त होते. खोक्याचा एका बाजूचा पत्रा काढला. आत दोन डिस्का एकीखाली एक, दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर मामांचं स्केचपेननं लिहिलेलं अक्षर. दुकानदार घरी येऊन मशीन जोडून देत होता तेव्हा मामांना थोडं दिसत होतं आणि चिकटपट्ट्या लावायची त्यांना हौस होती; मी त्या वेळी स्वयंपाकघरात चहा करत होते. एका डिस्केवर लिहिलं होतं 'लाभ'. दुसरीवर 'दोन'.

मला हसू आलं. मशीन आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. दाराच्या दोन्ही अंगांना शुभ आणि लाभ लिहून झालं होतं, तसंच इथेही लिहिलं असणार, असं मी धरून चालले. बाकी हिशेब सोपा होता. एक डिस्क दोन नंबरची, म्हणजे उरलेली एक नंबरची. पडदा म्हणतो एक नंबरची बिघडली. पहिलीतलं पोरही हेच उत्तर देईल. मी 'लाभ' लिहिलेली डिस्क काढली.

"काय म्हणायलंय?" दाराजवळच्या खुर्चीतून मामांनी विचारलं. त्यांना स्क्रूड्रायव्हरचा आवाज ऐकू आला होता.

"काही नाही मामा, एक डिस्क गेलीय. दुसरी आहे. संध्याकाळपर्यंत जोडी लावते."

"अन माव्हं सगळं?"

"जसंच्या तसं आहे."

दुपारी त्याच दुकानदाराकडून नवी डिस्क आणली, लाभच्या जागी बसवली. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागली. एक टक्का, दोन टक्के. मी जेवले, भांडी घासली, येऊन पाहिलं तर अकरा. मामांना चहा दिला, अकरा. नवरा बाहेरून आला, त्यानं विचारलं कुठवर आलं, अकरा. आणि मग पट्टी पुसली जाऊन पुन्हा तीच तांबडी ओळ आली: डिस्क १ खराब.

आता मात्र माझं डोकं फिरलं. पहिली डिस्क खराब म्हणून मी ती बदलली, आणि नवीही खराब? याचा अर्थ दुकानदारानं मला वापरलेला माल गळ्यात मारला. दुसरा कुठलाही अर्थ मला दिसत नव्हता, कारण शोधायची गरजच वाटली नव्हती. बरं, कोशाची फाइल उघडायला गेले तर बाणाच्या जागी चक्र गरगर फिरत राहिलं आणि सगळं मशीन थिजून गेलं. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. रविवार असाच गेला. दुकान बंद होतं आणि माझी चिडचिड चालू.

सोमवारी अर्धी रजा टाकून दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा, जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला आणि बोलण्यात भलताच संथ. मी रागानं बोलले की समोरच्यानं घाईनं उत्तर द्यावं अशी माझी अपेक्षा असते. हा माणूस आधी डिस्क उलटी करून पाहायचा, मग सुलटी, मग बोलायचा.

"म्याडम, पॅकबंद देली होती. तुमच्यासमोर फोडली."

"मग ती अकरावर का थांबते?"

"ते बघावं लागंल."

"बघू नका. बदलून द्या."

त्यानं बदलून दिली. जाता जाता मी लाभही काउंटरवर ठेवली. ती अजून वॉरंटीत होती. तो म्हणाला, "पाठवतो कंपनीला. बदलून नवी येती. जुनी वापस येत नसती बघा, चालंल ना?" मी म्हणाले, मेलेली डिस्क घेऊन मी काय करू, आणि त्यानं पुढे केलेल्या कागदावर सही केली. ती सही मला पुढे दोन दिवस आठवली नाही आणि नंतर कायमची आठवत राहिली.

दुसरी नवी डिस्कही अकरावर थांबली.

मंगळवारी मी कामाला निघण्याआधी केबल बदलल्या. केबलची टोकं खोडरबरानं घासली, पंख्यातली धूळ रंगाच्या ब्रशनं काढली. पुन्हा अकरा. संध्याकाळी आल्यावर वीज कमी-जास्त होते म्हणून मशीन दुसऱ्या खोलीतल्या बटणावर लावलं. तिथेही अकरा. हा आकडा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पोळ्या मोजल्या तर त्याही अकराच निघाल्या. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो दमानं म्हणाला, "दोनी गेल्या असतील म्याडम. एखाद्या येळेला संगंच जात्यात. फॉरमॅट मारून देऊ का? नव्यानं सुरुवात करा."

"तो शब्द पुन्हा काढलात तर तुमच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसेन," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नवरा जवळच उभा होता. हळू आवाजात म्हणाला, "बाबाला सांगू नको अजून." मला ते पटत होतं आणि त्याचा रागही येत होता. मामांना सांगायची गरज नव्हती. ते चार दिवस एकाच खुर्चीत बसून माझं घासणं, आदळणं, फोनवर ओरडणं ऐकत होते. शनिवारी त्यांनी "माव्हं सगळं?" असं विचारलं होतं, त्यानंतर कोशाचं नावही काढलं नव्हतं. फक्त दिवसातून एकदा विचारायचे, "काय म्हणायलंय?" मी म्हणायची, चालू आहे. ते म्हणायचे, बरं.

त्या रात्री मला झोप लागली, पण सकाळी उठले ती ठरवूनच. दोन्ही डिस्का गेल्या हे मी कुणाच्या सांगण्यावरून मान्य करणार नव्हते. कार्यालयात पूर्ण रजेचा निरोप दिला, नवऱ्याला डबा दिला आणि मशीनसमोर मांडी ठोकली. आज अंदाजानं काही करायचं नाही, पडदा जे सांगतो तेवढंच वाचायचं, असं स्वतःला बजावलं.

मामा खुर्चीतून उठून चाचपडत जवळ आले. "काय म्हणायलंय?"

"चालू आहे."

"तसं न्हाई. काय म्हणायलंय ते वाच. एक बी शबुद सोडू नको. तू अर्थ सांगायलीस चार दिसापासून, मला शबुद पाहिजे."

मास्तरकी गेली नव्हती. मी मुकाट वाचलं. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं. जोडी अपुरी आहे. डिस्क झिरो, नवीन, भरणे चालू. डिस्क वन, वाचताना चूक.

"झिरो म्हंजी शून्य?"

"हो."

"शून्य नंबरची डिस्क? शून्य कुटं मोजणीत येतंय का? पोरगं बाकावर बसलंय अन हजेरीत त्याचा नंबर शून्य, असं असतंय व्हय?"

"कॉम्प्युटरची मोजणी शून्यापासून असते, मामा," मी जरा वैतागून म्हणाले. "पहिल्याला शून्य म्हणायचं, दुसऱ्याला ए..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. मी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"मामा, तुम्ही चिकटपट्टीवर लाभ कशाला लिहिलं होतं?"

"कशाला म्हंजी? तो दुकानवाला सांगायला होता, ही पहिली, ही दुसरी. तसं लिव्हलं. लाभ, दोन."

"लाभ म्हणजे शुभ-लाभातला ना?"

मामा मोठ्यानं हसले, चार दिवसांतून पहिल्यांदा. "अगं सूनबाई, खळ्यावर जवारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसतेत. एक म्हणलं की मोजून संपल्यागत वाटतंय. पहिलं माप टाकलं की म्हणायचं लाभ. मंग दोन, तीन, चार. आमचे वडील तसंच मोजायचे. मोंढ्यात धान्य मोजायला एक मुसलमान मापारी होता, तो बरकत म्हणायचा. बरकत, दो, तीन. 'ल'मधी घेतलाय की आपण. लाभ: नफा, अन दुसरा अर्थ, मापातलं पहिलं. तूच टाइप केलाय."

मीच टाइप केला होता. मला आठवत नव्हता. आणि पाहायला जावं तर तो त्याच फाइलमध्ये होता जी उघडत नव्हती. नाही, थांबा. 'ल' आम्ही घेतलाच नव्हता. आम्ही 'भ'वर थांबलो होतो. मी तसं म्हणाले. मामा बोटांवर अक्षरं मोजायला लागले. मग पुटपुटले, "घेतला न्हाई व्हय? मला वाटलं घेतला."

तेव्हा मी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात दुसराच गोंधळ उडाला होता. कॉम्प्युटर पहिल्याला शून्य म्हणतो, झरीचं खळं पहिल्याला लाभ म्हणतं. दोघांपैकी एकही पहिल्याला एक म्हणत नाही. एक म्हणणारी मी एकटी. कॉम्प्युटरची डिस्क एक म्हणजे दुसरी डिस्क, म्हणजे मामांची 'दोन'. बिघडलेली 'दोन' होती. मी धडधाकट 'लाभ' उपटून काढली होती आणि मरायला टेकलेल्या 'दोन'ला सांगत होते, नव्या डिस्केला सगळं शिकव. ती बिचारी अकरापर्यंत शिकवून धापा टाकत होती. दुकानदाराच्या नव्या डिस्कांचा काही दोष नव्हता. आणि कोशाची एकमेव चांगली प्रत मी सही करून देऊन आले होते, जुनी परत येत नाही त्या वाटेनं.

"मामा, मी आलेच," म्हणाले आणि चप्पल घालता घालता दुकानदाराला फोन लावला. तो उचलेना. स्कूटी काढली. रस्त्यावर ऑटो आडवे येत होते त्या प्रत्येकाला मी काहीतरी बोलले असणार. मनात एकच चाललं होतं: पाठवली असेल तर कंपनीचा पत्ता घेईन, तिथे जाईन, डब्यातून उपसून आणीन. आत्ता हे हास्यास्पद वाटतं. त्या वेळी मी खरंच गेले असते.

दुकानदार काउंटरमागे शांतपणे पोहे खात होता. त्याच्या शेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं, वरून तपकिरी टेप गुंडाळलेलं.

"माझी डिस्क?"

"हिच्यात हाय," त्यानं चमच्यानं खोकं दाखवलं. "आता कुरिअरवाला येईल."

"खोका फोडा."

त्यानं घास गिळला. "म्याडम, त्याच्यात सगळ्यांच्या डिस्का हायत. यादी करून सील केलंय. आता फोडलं तर समदं पुन्हा लिवावं लागतंय."

"मी लिहून देते. याद्या करण्यातच माझी सगळी नोकरी सरलीय. फोडा."

"अन त्या डिस्केत काय? ती गेलेली हाय, तुमीच म्हणल्या."

इथे मला आवाज चढवता आला असता. शनिवारपासून मी तेवढंच करत होते. पण कारण सांगायचं तर चूक सांगावी लागत होती, आणि चूक मोठ्या आवाजात सांगता येत नाही. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. एक आणि शून्य, लाभ आणि दोन, चिठ्ठ्या, बंब, काचबिंदू. शेवटी म्हणाले, "तुमच्या डिस्का चांगल्या होत्या. मी उगाच बोलले."

त्यानं पोह्यांची बशी बाजूला ठेवली, हात धुतले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ब्लेडनं टेप कापली. चाळीसेक डिस्का, सगळ्या एकसारख्या, कागदात गुंडाळलेल्या. माझ्या डिस्केवर आता चिकटपट्टी नव्हती, त्यानं ती काढून टाकली होती. आम्ही दोघांनी बसून पावतीवरचा लांबलचक क्रमांक एकेका डिस्केवर ताडून पाहिला. सव्विसावी आमची निघाली. मी उठून उभी राहिले.

"आता ही घेऊन जाते आणि लावते."

"कुटं लावता?" त्यानं हात आडवा धरला. "तुमच्या मशीनमधी परत जोडीत लावली, अन मशीननं इचारलं कुणावरून कुणावर उतरवू, अन बोट चुकलं, तर? कोरी डिस्क हिच्यावर उतरंल. मंग मी बी काई करू शकत न्हाई." मग त्यानं मला सुनावलंच, पण संथपणे. "रेड म्हंजी बॅकअप न्हाई म्याडम. जोडीत चूक बी दोन जागी उमटती. बॅकअप म्हंजी येगळी प्रत, येगळ्या जागी. हे मी मशीन जोडताना बी बोललो होतो. तुमी चहा करायलता."

त्यानं लाभ एकटीच त्याच्या मशीनला लावली. मी पदराचं टोक हातात पिळून धरलं होतं एवढं आठवतं. मशीनमधून घरघर आली. पडद्यावर फोल्डर दिसायला लागले. फोटो, बिलं, नवऱ्याच्या विम्याचे कागद, आणि 'मामा' नावाचं फोल्डर. त्यात एकच फाइल.

"उघडू नका," तो म्हणाला. "आधी प्रत." त्यानं एका पेन ड्राइव्हवर उतरवली, मग दुसऱ्यावर, मग मेलवर पाठवायला लावली. मग म्हणाला, "आता उघडा."

उघडली. पहिलं पान: अगावू, अडसर, अवतभवत. दस्ती होती. शेंगा बांधून देणारी माय होती. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना. लाज वाटली नाही. दुकानदारानं गिऱ्हाइकांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

माझे डोळे पुसून होईपर्यंत तो प्रती नीट उतरल्या का ते तपासत होता. तपासता तपासता थांबला. "म्याडम, ही फाइल बरोबर हाय ना? जुनी प्रत तर न्हाई? चालू काम हाय म्हणलात."

"चालूच आहे. का?"

त्यानं फाइलच्या नावापुढच्या तारखेवर बोट ठेवलं. फाइलमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला ती तारीख. मी दोनदा वाचली. दोन वर्षं उलटून वर चार महिने झाले होते.

"तवापासून कुणी उघडलेली बी न्हाई," तो म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला खरंच काळजी वाटत होती की आपण चुकीची फाइल वाचवली की काय.

फाइल बरोबर होती. मामांची नजर गेली आणि काम थांबलं, असं मी मनाशी धरलं होतं. पण नजर लागत होती ती चिठ्ठ्या वाचायला, आणि 'म'पासूनच्या चिठ्ठ्या मला वाचता आल्या असत्या. त्या खाली कपाटात पडून होत्या. मला कार्यालय होतं, मुलीची परीक्षा होती, मुलीचं लग्न होतं. आज नको, रविवारी बसू. मामांनी कधी आठवण केली नाही आणि मी त्याचा अर्थ सोयीचा काढला. पाच दिवस जिच्यासाठी मी रान उठवलं होतं, त्या फाइलला मी दोन वर्षं हातही लावला नव्हता.

खोक्याची यादी मी पुन्हा लिहून दिली, सव्विसावी वगळून. घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. मामा त्याच खुर्चीत होते. माझी सावली दारात पडली तसे सरळ बसले, पण विचारलं नाही.

"सापडलं, मामा. सगळं आहे. एकही शब्द गेला नाही."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "कुटवर झालतं?"

"भगुनं. तो शेवटचा."

"म्हंजी आता म."

"आता म. आत्ता बसायचं. मी जेवणार पण नाही."

नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेतला, पेन ड्राइव्ह लावला, कपाटातून 'म'चा डबा काढला. पहिली चिठ्ठी उचलली. मास्तरांचं अक्षर लागायला वेळ लागला, पण लागलं.

"मुस्कं," मी वाचलं. "गाव मानवत."

मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले.

हा शब्द मला ठाऊक होता. अशा सोप्या शब्दांचा अर्थ पूर्वी ते चिठ्ठी डोळ्यांपासून दूर न्यायच्या आत सांगायचे आणि वर चिडवायचे की हे तरी शहरातल्या पोरीला येतं का. आता त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मग त्यांचा उजवा हात वर आला. बोटं जाळीसारखी पसरून त्यांनी स्वतःच्या तोंडावर धरली आणि मानेमागे गाठ मारल्यासारखी केली. पुन्हा तसंच केलं. त्यांना काय सांगायचं ते हाताला माहीत होतं.

अर्थ त्यांनी सांगायचा, हा आमचा नियम होता. मी तो मोडला. "बैलाच्या तोंडाला?"

"बैलाच्या!" ते सुटल्यासारखे बोलले. "बैलाच्या तोंडाला बांधतेत. मळणीच्या येळंला. कणसाला तोंड लावू ने म्हून. लिव्ह."

मी लिहिलं. अक्षरं नीट दिसत नव्हती तरी लिहिलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "पुढचा," आणि पुढची चिठ्ठी वाचली.

संध्याकाळपर्यंत नऊ शब्द झाले. आता रोज कार्यालयातून आले की आम्ही बसतो. पाहुणे आले तर पाहुण्यांनाही बसवतो. त्या दिवशीच्या नवांपैकी दोन शब्दांचे अर्थ मी मामांच्या हातांवरून लिहिले. एकाचा त्यांच्या हातांनाही आठवला नाही. चिठ्ठीवर शब्द आहे, खाली झरी लिहिलेलं आहे, आणि फाइलमध्ये त्याच्यापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे.